लिस्बनमध्ये दोघांचा वीकेंड: चढ ट्रामने, उतार पायी

लिस्बनला जायचं ठरलं की हॉटेलच्या आधी बूट बघा. हे शहर टेकड्यांवर वसलंय आणि गल्लीबोळांत पांढऱ्या चुनखडीचे मुठीएवढे दगड बसवलेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी घासून ते गुळगुळीत झालेत. पावसाची सर आली की विहिरीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांसारखा पाय सटकतो. माझ्या नवऱ्याचा गुडघा दुखरा आहे, म्हणून आम्ही एक नियम केला: चढायचं वाहनाने, उतरायचं पायी. दोन दिवसांत गुडघ्याने एकदाही त्रास दिला नाही.

आम्ही फ्रँकफर्टला राहतो. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असल्यामुळे वेगळा व्हिसा लागला नाही. शुक्रवारी संध्याकाळचं विमान घ्या. पोर्तुगालचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे आहे, त्यामुळे जेवायच्या वेळेला पोचता. विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन, अलामेडाला हिरवी. प्रवासाचं कार्ड मात्र दोघांना वेगवेगळं लागतं. त्या रात्री एकेरी तिकीटच काढा आणि २४ तासांचा पास शनिवारी सकाळी भरा. पासचे तास पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून मोजतात, मध्यरात्री तो संपत नाही.

शनिवारी आठच्या आत मार्तिम मोनिझला २८ नंबरच्या ट्रामसाठी उभे राहा. दहानंतर तिथे रांग लागते, आणि ट्राममध्ये खिसेकापूंचं फावतं. सॅक पोटावर घ्या. एका वळणावर नवऱ्याच्या सॅकची चेन कुणीतरी अर्धी उघडली होती, तो हात मला दिसला म्हणून पाकीट वाचलं. ग्रासाला उतरून थोडं चढलं की सेन्योरा दो मोन्तेचा कठडा येतो. तिथून लाल कौलं, समोर किल्ला आणि पलीकडे तेजो नदी. इथे घाई करू नका. मग पोर्तास दो सोल, सांता लुझिया हे आणखी दोन कठडे आणि आल्फामाच्या पायऱ्या असं खाली उतरत या. हा अरबांच्या काळापासूनचा भाग, १७५५च्या भूकंपातून बराचसा वाचलेला. इथे नकाशा बंद ठेवला तरी चालतं, उतार नदीकडेच नेतो.

नदीकाठच्या मोठ्या चौकातून पश्चिमेला रुआ दो आर्सेनाल लागते. तिथे मला वास आधी आला, दुकान नंतर दिसलं. खारवलेल्या कॉड माशाच्या, म्हणजे बाकाल्याउच्या, पाटाएवढ्या फळ्या एकावर एक रचलेल्या, वर मिठाचा पांढरा थर. मी सावंतवाडीची. पावसाळ्याआधी आमच्या बाजारात सुक्या बांगड्याचा येतो, तोच हा वास! सोलापूरकर नवरा नाक धरून रस्त्यापलीकडे गेला, मी मात्र पंधरा मिनिटं तिथून हलले नाही.

जेवायला बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, त्यांना राग येत नाही. शाकाहारी असाल तर ‘सें कार्न, सें पेइश’ म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. कोबीवर्गीय पानांच्या काल्दो व्हेर्द सूपमध्येही सॉसेजची चकती असते, तेव्हा आधी विचारा. मेन्यू मोठ्याने वाचा. पाँव, बटाटा, काजू, अननस... आपले शब्द त्यांच्याकडून आलेले आहेत, हे माहीत असूनही अंगावर काटा येतो.

दुपारी विश्रांती घ्या आणि मग टेकडीवरचा कार्मो मठ. वर नेणाऱ्या सांता जुस्ताच्या लिफ्टसाठी रांगेत ताटकळू नका. बायशा-शियादो मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्यांनी, तिकीट न काढता, टेकडी चढता येते. भूकंपात छत कोसळलेला मठ आहे तसा उभा आहे, कमानींच्या वर थेट आकाश. रविवारी बंद असतो, म्हणून शनिवारीच जा. बाहेरच्या चौकातल्या बाकावर आम्ही खूप वेळ बसलो. २५ एप्रिल १९७४ला इथेच पंतप्रधान कायतानो सैनिकांना शरण गेले आणि हुकूमशाही संपली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नव्या सरकारने गोवा भारताचा असल्याचं करारात मान्य केलं. माझी आजी पेडण्याची, पोर्तुगीज अमलात वाढलेली. त्या चौकातून मी आईला फोन केला.

रविवारी सकाळी काइश दो सोद्रेहून १५ नंबरच्या ट्रामने बेलें. जेरोनिमोस मठाच्या आतल्या अंगणाचं तिकीट वेळेसकट ऑनलाइन काढा. चर्चमध्ये शिरताना डावीकडे वास्को द गामाची कबर आहे. १४९८ला कालिकतला आलेला हा माणूस १५२४मध्ये कोचीनला वारला. जवळच १८३७पासूनचं पास्तेइश द बेलेंचं, म्हणजे कस्टर्डच्या छोट्या टार्टचं, दुकान आहे. पार्सलच्या रांगेत न थांबता आत बसा, दालनं भरपूर आहेत. दालचिनी भुरभुरून गरमच खा. अंड्याच्या पिवळ्या बलकाचं सारण असतं, हे आधीच सांगून ठेवते.

संध्याकाळी काइश दो सोद्रेहून नदीपलीकडच्या कासील्यासला जाणारी फेरीबोट पकडा, दहा मिनिटांचा प्रवास. जाताना नाही, परतताना बाहेर बघा, तेव्हा अख्खं शहर समोरून उन्हात येतं. सोमवारचं विमान पहाटेचं असेल तर टॅक्सी रात्रीच सांगून ठेवा, मेट्रो साडेसहाला सुरू होते.