भिगवणची बॅग भरताना

"भिगवणला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला चाललोय, नवीन कॅमेरा घेऊ का?" थंडी पडली की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेली क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची, बॉडी असते, तिच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स असते आणि ५५-२५० किंवा ७०-३०० असते. बॉडी धडधाकट असते. म्हणून माझ्या यादीत बॉडी बरीच खाली येते. सगळ्यात वर येतो एक फोन.

फोन बोटवाल्याला. कुंभारगाव, डिकसळ, जिथून बोट घेणार असाल तिथल्या माणसाला, निघायच्या आठवडाभर आधी. विचारायचं एवढंच की पाणी किती आहे. रोहितांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. भिगवण उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे मागे पसरलेल्या पाण्यावर आहे. ज्या वर्षी धरण तुडुंब भरतं त्या वर्षी डिसेंबरात फुगवट्याचा काठ उघडाच पडलेला नसतो आणि फ्लेमिंगोंचं येणं फेब्रुवारी-मार्चवर जातं. तोवर पट्टकादंब, चित्रबलाक, शेकाटे, सुरय हे सगळे असतात, त्यामुळे फेरी वाया जात नाही, पण लेन्सचा हिशोब बदलतो. बोटवाले मूळचे मासेमारी करणारे, पाण्यावर रोज असतात. पक्ष्यांची इंग्रजी नावं त्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात. "सर, ऑस्प्रे बसलाय" हे आपल्याला दिसायच्या आधी ते सांगतात.

आता हिशोब. बोट थव्याजवळ आली की इंजिन बंद होतं आणि बांबूने ढकलत सावकाश पुढे जाणं सुरू होतं. पक्षी निवांत असतील तर अंतर ३० मीटर धरू. क्रॉप बॉडीवर ४०० मिमी लेन्स लावली की ३० मीटरवर आडव्या चौकटीत वरपासून खालपर्यंत साधारण १.१ ते १.२ मीटर मावतं. मोठ्या रोहिताची उंची ११० ते १५० सेंमी. म्हणजे मान वर केलेला पक्षी आडव्या चौकटीत पुरता मावेलच असं नाही, कॅमेरा उभा करावा लागेल. अंतर १०० मीटर झालं तर तोच पक्षी चौकटीच्या एक तृतीयांश उंचीचा. थवा उडाला तर ४०० मिमीसुद्धा जास्त होते, तिथे तुमची जुनी ५५-२५० उपयोगी पडते. उलट खंड्या सतरा सेंटिमीटरचा. तो दहा मीटरवरच्या काठीवर बसला तरी ४०० मिमीत चौकटीची निम्मी उंची कशीबशी भरतो. त्याच्यासाठी ६०० मिमी हवी. हा गुणाकार-भागाकार आधी घरी कागदावर करा, म्हणजे दुकानात विक्रेता "सर, बर्डिंगला सहाशेच पाहिजे" म्हणाला तर मान डोलावण्याआधी दोन मिनिटं थांबाल.

पाचशे-सहाशेपर्यंत जाणाऱ्या लेन्स आता आवाक्यात आल्या आहेत, म्हणजे निदान भाड्याच्या आवाक्यात. टॅमरॉन आणि सिग्मा या दोघांची १५०-६००, वजन साधारण दोन किलो. निकॉनची जुनी २००-५००, छिद्र एफ ५.६ (आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), पट्ट्यासकट २.३ किलो. सोनीची २००-६००, २.१ किलोच्या आसपास, आणि झूम करताना तिची नळी बाहेर येत नाही, त्यामुळे तोल हलत नाही. दुसऱ्या टोकाला कॅननची आरएफ १००-४००, वजन फक्त ६३५ ग्रॅम, पण ४०० मिमीला छिद्र एफ ८. लोक एफ ८ म्हटलं की नाक मुरडतात. एफ ५.६ च्या तुलनेत एफ ८ म्हणजे निम्मा प्रकाश, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० च्या जागी ३२००, एवढंच. सूर्योदयापूर्वीची वीस मिनिटं ही लेन्स रडते, त्यानंतर तक्रार नाही. आणि दोन तास बोटीत मांडी घालून बसून दोन किलोची तोफ डोळ्याला लावून ठेवणं म्हणजे काय, ते पहिल्या फेरीत दंडाला कळतं. कॅननची आर मालिकेतली बॉडी असलेल्या नवख्याला मी तरी ही छोटी लेन्सच सुचवीन. बाकीच्यांनी १५०-६०० विकत घेण्याआधी एका शनिवार-रविवारी भाड्याने न्यावी.

भाड्याची लेन्स ताब्यात घेताना दुकानातच आपल्या बॉडीवर लावा, सगळ्यात लांब झूमला आणि पूर्ण उघड्या छिद्रावर रस्त्यापलीकडची पाटी टिपा आणि स्क्रीनवर मोठी करून बघा. अनुक्रमांकाचा, हूडचा (लेन्सच्या तोंडावरची कडी), दोन्ही झाकणांचा आणि खालच्या, ट्रायपॉडला लावायच्या पायाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि लेन्सच्या कडेची सगळी बटणं बघा. एकदा मी अर्धा तास लेन्सला शिव्या घातल्या, कारण पाच मीटरवर बसलेल्या खंड्यावर ती फोकसच करेना. फोकस लिमिटर "दहा मीटर ते अनंत" वर होतं. आधीच्या गिऱ्हाइकाने ठेवलेलं, आणि मी न बघितलेलं.

सेकंडहँड घेत असाल तर विजेरी घेऊन जा. मागचं झाकण काढून समोरून प्रकाश टाका आणि काचांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहा. ती बुरशी. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत कपाटात चामड्याच्या कव्हरात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या लेन्स मी दोनदा बघतो, पूर्वग्रह म्हणा हवं तर. निकॉनची मिररलेस, म्हणजे आरसा नसलेली, बॉडी आणि घरातली जुनी लेन्स अशी जोडी जमवायची असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुन्या लेन्स या बॉडीला जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. ज्या जुन्या एएफ-डी लेन्स बॉडीतल्या स्क्रूवर फोकस करायच्या, त्या त्यावर हाताने फिरवाव्या लागतात.

आता बॉडी. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, चांगलीच, पण पक्ष्यांसाठी तिचा फायदा वाटतो तेवढा नसतो, कारण पक्षी लांब आणि आपण शेवटी फोटो कापतोच. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमचा फोटो क्रॉप सेन्सरएवढा कापला की हातात दहा मेगापिक्सेलच्या आसपास उरतं. त्याच पैशात क्रॉप बॉडी आणि बरी लेन्स बसते. निकॉन डी५०० ही २०१६ ची डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) आजही सेकंडहँड बाजारात मिळते. सेकंदाला दहा चौकटी, म्हणजे दहा फोटो, फोकस भरवशाचा. तिचं शटर दोन लाख वेळा चालेल असं कंपनीने धरलेलं आहे, म्हणून घेताना आकडा विचारा, आणि दीड लाखाच्या पुढे असेल तर किंमत तशी पाडा. नव्यात कॅननची आर७ आहे, ३२.५ मेगापिक्सेल, पक्ष्याचा डोळा शोधून धरते. तिच्या इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला तीस चौकटींचा मोह होतो, पण सेन्सर वाचायला तिला वेळ लागतो आणि जोरात फडफडणारे पंख वाकडे येतात, रबराचे असल्यासारखे. यांत्रिक शटरच्या पंधरा चौकटी पुरतात. कुठलीही बॉडी घेतलीत तरी भिगवणच्या किमान महिनाभर आधी घ्या. आदल्या दिवशी खोक्यातून काढलेला कॅमेरा बोटीत नेणारा माणूस सगळी सकाळ मेन्यू वाचत बसतो, मी पाहिलं आहे.

तो महिना गच्चीवर घालवायचा. घार हा सरावासाठी उत्तम पक्षी आहे. मोठी, संथ, गोल फिरणारी, आणि फुकट. आधी झूम मागे घेऊन तिला चौकटीत पकडा, मग पुढे जा. सरळ ६०० मिमीने आकाशात शोधायला गेलात तर नुसतं निळं दिसतं. घार जमली की पारव्यांवर या, ते जमले की पुण्याजवळ कवडीपाटला एक सकाळ. डीएसएलआर असेल तर याच दिवसांत फोकस पुढे किंवा मागे पडतो का ते तपासा. वर्तमानपत्र तिरकं ठेवून एका मथळ्यावर फोकस करायचा आणि कुठली ओळ खणखणीत आली ते पाहायचं. फरक असेल तर बऱ्याच बॉडींच्या मेन्यूतच तो दुरुस्त करता येतो. मिररलेसला ही कटकट सहसा नसते.

सेटिंग घरीच करून डायलच्या जागांवर साठवून ठेवा. माझ्याकडे पहिल्या जागेवर उड्डाण: शटर १/२०००, छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००, फोकस सतत. दुसऱ्या जागेवर चरणारा पक्षी: १/५००, बाकी तेच. लेन्समधलं स्थिरीकरण आपला हात हललेला सावरतं, पक्ष्याचा पंख थांबवत नाही, तो शटरच थांबवतो. उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) मात्र जागेवर करावी लागते. गडद पाण्यावर पांढरा-गुलाबी रोहित असेल तर कॅमेरा पाणी बघून फसतो आणि पक्षी पांढरा फटफटीत करतो, तिथे उणे ०.७ किंवा उणे १. आभाळासमोर हॅरिअर हा शिकारी पक्षी असेल तर उलट, अधिक ०.७. ही चाकं डोळा न काढता फिरवता आली पाहिजेत. एका वर्षी दिवाळीत पणत्या टिपताना मी शटर १/३० वर ठेवलं होतं आणि कॅमेरा तसाच बॅगेत गेला. पहिल्याच फेरीत पट्टकादंबांचा थवा डोक्यावरून गेला. बावीस फोटो, आणि एकेका फोटोत राखाडी फराटे.

आदल्या संध्याकाळचं काम पटकन सांगतो. बॅटऱ्या भरा, मिररलेसला दोन तरी हव्यातच. कार्डं संगणकावर उतरवून कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) निवडलं आहे ना पाहा. चार्जरमध्ये बॅटरी विसरायची सवय असेल तर गाडीची किल्ली चार्जरशेजारी ठेवा. पुढच्या काचेवर स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर काढून टाका. पाचशे-सहाशेच्या या मोठ्या लेन्सना बहुतेक ९५ मिमीचा फिल्टर लागतो, चांगला महाग असतो आणि स्वस्तातला लांब झूमला धारच घालवतो. संरक्षणाला हूड पुरतं, पाण्याचे तुषारही तेच अडवतं. ट्रायपॉड घरी ठेवा. बोटीत त्याचा पाय कुणाच्या तरी पायावर येतो आणि इंजिनचा थरकाप थेट कॅमेऱ्यात चढतो. त्याऐवजी एक पंचा, एक मोठी प्लास्टिकची पिशवी आणि दोन किलो तांदूळ भरलेली कापडी थैली, काठावर टेकायला.

पुण्याहून भिगवण साधारण १०० किलोमीटर. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेचारला निघून साडेसहाला काठावर. बोटीत आधी लाइफ जॅकेट, मग त्याच्या वरून कॅमेऱ्याचा पट्टा. उलटं केलंत तर कॅमेरा जॅकेटखाली अडकतो. लेन्स काठावरच लावून घ्या, बोटीत बदलू नका. बसा शक्य तितकं खाली, पाण्याच्या पातळीशी डोळा जाईल तितका पक्षी समोरासमोर येतो. बोटवाल्याला पहिलं वाक्य हे सांगायचं: "दादा, ऊन पाठीवर राहील असं घ्या." आणि एक कधीच सांगायचं नाही: "उडवा." सकाळच्या चरण्यासाठी लांबून आलेले पक्षी आपल्या एका फोटोसाठी उठवायचे नाहीत. शिवाय घाबरून उडालेला थवा आपल्यापासून लांब जातो, त्यामुळे फोटोत सगळ्यांच्या शेपट्याच येतात.

साडेनऊ-दहानंतर लांबचे फोटो मऊ येऊ लागले तर लेन्सवर संशय घेऊ नका. ऊन चढलं की तापलेली हवा थरथरते आणि १०० मीटरवरचा पक्षी तिच्यातून लाटांसारखा दिसतो. कितीही महाग काच लावा, फरक पडत नाही. अशा वेळी जवळचं बघा, काठीवरचा खंड्या, जाळी सोडवणारे मच्छीमार. १८-५५ याचसाठी बॅगेत ठेवायची, काठावर उतरल्यावर लावायला.

घरी आलात की लेन्स बॅगेत कोंडून ठेवू नका. रात्रभर उघड्यावर, झाकणं काढून, पंख्याच्या वाऱ्यात. मग भांड्यांच्या दुकानातल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल आणि दोनेकशे रुपयांचा आर्द्रतामापक टाकून, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. भाड्याची लेन्स परत करण्याआधी पहिल्या दिवशीचा फोटो उघडून वस्तू मोजा: हूड, पुढचं झाकण, मागचं झाकण, पाय. मागचं झाकण बहुतेक वेळा आपल्या जुन्या लेन्सला लागलेलं सापडतं.