अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहायला जाताना व्हिसाच्या या चुका टाळा

अमेरिकेचा बी-१/बी-२, म्हणजे पाहुणे म्हणून जाणाऱ्यांचा व्हिसा, भारतीयांना बहुतेक वेळा दहा वर्षांसाठी मिळतो आणि मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला निघालेल्या आई-वडिलांची सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी या दहा वर्षांमुळेच होते. व्हिसावर छापलेली तारीख ही केवळ अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन प्रवेश मागण्याची मुदत असते. आत किती काळ राहता येईल हे तिथला इमिग्रेशन अधिकारी प्रत्येक फेरीला नव्याने ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत जाते. विमानाने येणाऱ्यांसाठी पूर्वी पासपोर्टला जोडले जाणारे कागदी आय-९४ कार्ड २०१३ मध्ये बंद झाले आणि ही नोंद संगणकावर गेली. त्यामुळे हातात काहीच कागद नाही, म्हणजे मुदतही नाही, असा समज अजूनही अनेक घरांत आढळतो.

सहा महिने म्हणजे १८० दिवस, असे बोटांवर मोजून परतीचे तिकीट काढणे हीही तशीच गफलत आहे. १५ मे रोजी उतरलेल्या प्रवाशाला सहा महिने मिळाले, तर त्याची मुदत साधारणपणे १४ नोव्हेंबरपर्यंत असते आणि हे दिवस १८० पेक्षा थोडे जास्तच भरतात. मात्र सहा महिने मिळतीलच याची हमी नसते. पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल, तर अधिकारी तीच तारीख देऊ शकतो. म्हणून पासपोर्ट संपत आला असेल तर त्याचे नूतनीकरण निघण्यापूर्वी करून घ्यावे. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा चालू असेल तर तो वाया जात नाही. दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवून प्रवास करता येतो, फक्त व्हिसाचे पान फाडण्याचा किंवा सोडवण्याचा प्रयत्न करू नये.

घरी पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांतच मुलांनी अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन दोघांचेही आय-९४ स्वतंत्रपणे काढून पाहावे, कारण एकाच रांगेतून गेलेल्या पती-पत्नींच्या तारखाही वेगळ्या असू शकतात. नोंद सापडत नसेल तर घाबरण्यापूर्वी नाव तपासावे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे लावण्याची रीत आहे आणि पासपोर्टमध्ये ते बहुधा स्वतःच्या नावासोबत एकाच रकान्यात छापलेले असते. त्यामुळे शोधताना कधी दोन्ही नावे एकत्र, कधी केवळ पहिले नाव, कधी जुन्या पासपोर्टचा क्रमांक घालून पाहावा लागतो. तारीख, नाव किंवा व्हिसाचा वर्ग खरोखरच चुकीचा नोंदला गेला असेल, तर दुरुस्तीसाठी याच विभागाच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयाशी संपर्क साधावा. हे काम पहिल्या आठवड्यात जितके सोपे असते तितके पाचव्या महिन्यात राहत नाही.

मुदत वाढवायची असेल, किंवा ओलांडली गेली असेल

मुदतवाढीसाठी आय-५३९ हा अर्ज असतो. तो आय-९४ ची तारीख उलटण्यापूर्वी दाखल झाला पाहिजे आणि किमान ४५ दिवस आधी दाखल करावा, असे संबंधित खाते स्वतःच सुचवते. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असतानाच परत आलात, तर त्याची पावती कायम जपून ठेवावी, कारण पुढच्या फेरीला तीच तुमची बाजू मांडते. अर्ज न करता एक दिवस जरी जास्त राहिले, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने आपोआप रद्द ठरतो. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाले आणि मग देश सोडला, तर तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाले तर दहा वर्षे प्रवेशबंदी लागू होते. अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याने तारीख हुकली असेल, तर डॉक्टरांचे पत्र जोडून उशिरा का होईना अर्ज करावा. असाधारण कारणासाठी उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण तो अधिकाऱ्याच्या विवेकाचा भाग असतो आणि अशा वेळी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेणेच योग्य.

कॅनडाला चार दिवस जाऊन आले की नवे सहा महिने मिळतात, हा सल्ला भिशीत आणि सोसायटीच्या कट्ट्यावर फार आत्मविश्वासाने दिला जातो. कॅनडा किंवा मेक्सिकोच्या तीस दिवसांच्या आतल्या फेरीनंतर सहसा आधीचीच मुदत पुढे चालू राहते. शिवाय नायगाराच्या पलीकडच्या काठावर जायला भारतीयांना कॅनडाचा व्हिसा लागतो, तो भाग वेगळाच.

अर्ज भरतानाच्या चुका

डीएस-१६० हा व्हिसासाठीचा ऑनलाइन अर्ज एजंटकडून भरून घेण्यात गैर काही नाही. न वाचता तो सादर करू देणे मात्र गैर आहे, कारण त्यातल्या प्रत्येक उत्तराची जबाबदारी अर्जदाराचीच असते. पूर्वी नाकारलेला व्हिसा लपवणे, सहा महिने राहायचे असताना तीन आठवडे लिहिणे, किंवा लग्नापूर्वीचे नाव ‘इतर नावे’ या रकान्यात न देणे, या गोष्टी पुढे फार जड जातात. जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती कायमच्या बंदीपर्यंत नेऊ शकते. सादर केलेला अर्ज दुरुस्त करता येत नाही. चूक लक्षात आल्यास नवा अर्ज भरून त्याचा पुष्टी क्रमांक अपॉइंटमेंटच्या खात्यात वेळेवर बदलून घ्यावा, अन्यथा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासापर्यंत जाऊनही मुलाखतीविना परतण्याची वेळ येऊ शकते.

लेकीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्यांना उद्देशाचा प्रश्न अवघड वाटतो. खरे उत्तर लपवण्याचे कारण नाही: मुलीजवळ राहणे आणि नातवंडाला पाहणे हा बी-२ व्हिसात बसणारा हेतू आहे. परंतु मूल सांभाळायला ठेवलेली व्यक्ती, असा अर्थ निघेल असे बोलू नये, कारण या व्हिसावर नोकरी करता येत नाही. परतण्याची तारीख आणि परत का यायचे आहे, हे ज्याचे त्याला नीट सांगता आले पाहिजे.

अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. तुम्ही बाहेर पडल्याची नोंद विमान कंपनीने दिलेल्या प्रवासी यादीवरून होते आणि जमिनीच्या सीमेवरून कॅनडात गेल्यास ती कधी राहूनही जाते. म्हणून परतीचा बोर्डिंग पास फेकू नये, आणि भारतात उतरल्याचा शिक्का पासपोर्टवर स्पष्ट उमटला आहे का, हे काउंटर सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे.