कॉलेजच्या एकांकिकेची टीम परत कशी जमवायची

कॉलेजात असताना आम्ही कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात स्पर्धेला एकांकिका केलेली, नंबर नाही आला पण त्या विंगेतला ओल्या रंगाचा वास अजून नाकात आहे. नंतर सगळे पांगले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शाहू महाराजांनी उभारलेलं ते १९१५ चं थिएटर जळालं आणि कित्येक वर्षं न बोललेल्या आमच्या दिग्दर्शकाचा फोन आला, दोघंही रडलो. तिथनं टीम परत जमली.

तुम्हालाही जमवायची असेल तर आधी ग्रुप काढू नका, एकेकाला फोन करा. पहिला फोन बॅकस्टेजवाल्याला, सगळ्यांचे पत्ते त्याच्याकडंच असतात. फोटो अल्बमला चिकटलेत? ओढू नका, पानासकट खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाईलवर घ्या, आणि सुट्ट्या फोटोंच्या मागं मऊ पेन्सिलनं हलक्या हातानं नावं लिहा, पेनाची शाई पुढं उतरते. कॅसेटला बुरशी दिसली तर प्लेअरमधी घालायची नाही, आधी जाणकाराकडनं साफ करून घ्या.

भेटायचं सकाळी, मिसळ खाऊन, आणि स्क्रिप्टची झेरॉक्स नक्की न्या भावांनो. आमची हिरॉईन पहिलं वाक्य न बघता बोलली आणि पुढचं सगळ्यांनी एकदम म्हटलं.