मक्याची बीअर: रवा नीट शिजवा, बाकी सगळं सोपंय

मका म्हणजे भेसळ, कंपन्या पैसे वाचवायला घालतात, असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं. १९ व्या शतकात अमेरिकेत गेलेल्या जर्मन ब्रुअर लोकांना तिथली सहा-रांगी बार्ली मिळाली, तिच्यात प्रोटीन जास्त त्यामुळे बीअर गढूळ व्हायची, पण स्टार्च फोडणारी एन्झाइम्स मात्र स्वतःला पुरून उरतील इतकी. मक्यात प्रोटीन कमी, एन्झाइम्स जवळपास नाहीतच. जोडी जमली. १८६८ ला बोहेमियातून तिकडे गेलेल्या अँटन श्वार्झने मका-तांदूळ वेगळा शिजवून मॅशमध्ये (भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, गरम पाण्यात भिजवतात तो घोळ) घालायची पद्धत लावून धरली, आणि घरी क्रीम एल (फिकट, हलकी अमेरिकन बीअर) करायची तर मी आजही तेच करतो.

आधीच सांगतो, हे मी अमेरिकेत करतो, इथे केंद्राच्या कायद्याने १९७९ पासून घरापुरती बीअर करायला मोकळीक आहे, विकायची नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, विनापरवाना बनवणं गुन्हा. तिकडच्यांनी नुसतं वाचा.

१९ लिटरसाठी: टू-रो (दोन-रांगी बार्लीचं) माल्ट ३ किलो, मक्याचे ग्रिट्स (जाडसर रवाच तो) १ किलो, क्लस्टर जातीचे हॉप्स (बीअरला कडूपणा देणारी फुलं) २० ग्रॅम, साधं अमेरिकन एल यीस्ट, आणि गाळताना चोंदू नये म्हणून दोन मुठी भाताचं तूस. ग्रिट्स अंकुर काढलेले घ्या, पाकिटावर लिहिलेलं असतं. अंकुरात तेल असतं, तेलाने फेस बसतो. इंडियन स्टोअरमधलं मक्याचं पीठ तर अजिबात नको, बहुतेक वेळा अख्ख्या दाण्याचं असतं आणि इतकं बारीक की गाळणी गच्च. फ्लेक्ड मेझ मिळत असेल आणि वेळ नसेल तर तो घ्या, तो आधीच वाफवून लाटलेला असतो, सरळ माल्टबरोबर ६६ अंशांच्या मॅशमध्ये टाका आणि पुढचे चार परिच्छेद सोडा.

आता मुख्य काम. "ग्रिट्स गरम पाण्यात भिजवून मॅशमध्ये ढकला, होतं" हा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७४ अंशांच्या दरम्यान फुलतो आणि आपला मॅश असतो ६६ ला, म्हणजे जाड कणातला बराचसा स्टार्च कच्चाच राहणार, आणि कच्च्या स्टार्चला एन्झाइम्स नीट शिवतही नाहीत. साखर कमी, बीअर गढूळ, मग दोष मक्याला.

मला सगळ्यात जास्त छळलं ते या शिजवण्यानेच. जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या, ५ लिटर पाणी, त्यात १ किलो ग्रिट्स आणि ३ किलोतलंच पाव किलो भरडलेलं माल्ट. हे पाव किलो विसरलात तर संपलं, कारण नुसता मका उकळला की तो इतका घट्ट होतो की कालथा उभा राहील, माल्टची एन्झाइम्स त्याला वेळीच पातळ करतात. मंद आचेवर ७० अंशांपर्यंत आणा, तिथे १५ मिनिटं थांबा. आधी दाटेल, मग एकदम सैल पडेल, तो फरक हाताला कळतो. सैल पडल्याशिवाय पुढे जायचं नाही, घाई करून उकळलंत तर एन्झाइम्स मेली आणि गोळा तुमच्या गळ्यात.

मग उकळी, ३० मिनिटं, आणि तळापासून ढवळत राहायचं, फोन आला तरी. बुडाला लागलं की करपट वास थेट बीअरमध्ये येतो आणि कुठल्याच हॉप्सने झाकत नाही. रटरटताना पिठल्यासारखे चटके देणारे थेंब उडतात, लांब बाह्यांचा शर्ट घाला. आटलं तर उकळतं पाणी घाला, गार नाही.

उकळीची शेवटची दहा मिनिटं उरली की दुसऱ्या भांड्यात उरलेलं २.७५ किलो माल्ट आणि तूस ९ लिटर पाण्यात ५० अंशांवर भिजवा. त्याआधी नको, ५० ला जास्त वेळ राहिलं तर आजकालच्या माल्टचा फेस मरतो. मग उकळता मका त्यात थोडा थोडा ओता, दर वेळी ढवळून थर्मामीटर बघा. हिशोबाने ६६ च्या आसपास यायला हवं. ६७ आलं की हात थांबवा, उरलेला मका गार करून मग घाला. एकदम ओतलंत आणि ७० च्या पुढे गेलं तर बीटा-अमायलेज (साखर करणारं एन्झाइम) झपाट्याने मरतं, मग स्टार्चची साखर धड होत नाही आणि बीअर जड लागते.

तासाभराने एक थेंब बशीत घेऊन आयोडीन टाका. काळानिळा झाला तर स्टार्च उरलाय, अजून २० मिनिटं.

गाळा, उरलेला चोथा गरम पाण्याने धुवून तेही गाळा, आणि गाळलेलं सगळं उकळा. ६० मिनिटं, हॉप्स सुरुवातीला, झाकण उघडं. पिल्सनर माल्ट (अगदी फिकट माल्ट) वापरलं असेल तर ९० मिनिटं, उकडलेल्या कणसाचा जो वास येतो तो मक्याचा नसून फिकट माल्टमधून येतो आणि वाफेबरोबर जातो, यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

गार करा, यीस्ट घाला, १७ अंशांवर दोन आठवडे.

मका २५ टक्केच ठेवा, ३० च्या वर मी जात नाही, यीस्टला लागणारं नायट्रोजन माल्टमधून मिळतं, मक्यातून नाही. बाटल्या भरल्यावर आधी दोन आठवडे खोलीत, म्हणजे गॅस तयार होईल, मग फ्रीजमध्ये तीन आठवडे. हॉप्सचा कडूपणा हवा असलेल्यांनी आयपीए करावी.