सोड्याच्या वाटेत तांबं नको

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतल्या मामांच्या दुकानातलं जुनं सोडा मशीन बुडालं. भंगारवाला ते किलोच्या भावानं मागत होता. मी नुकताच आयटीआयमधून फ्रिज-एसीचा ट्रेड करून बाहेर पडलो होतो. म्हटलं, मामा, हे मी चालू करून देतो.

पुरातल्या मशीनला घाबरू नका. कॉम्प्रेसर सीलबंद असतो, पाइप फुटला नसेल तर चिखल आत जात नाही. बाहेरचा रिले, ओव्हरलोड, कपॅसिटर, थर्मोस्टॅट सरळ बदला. पंपाची मोटर उघडून धुवा, वाळवा आणि मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्याशिवाय करंट देऊ नका. एक मेगाओमच्या खाली दाखवलं तर परत उन्हात ठेवा. हे सगळं मी नीट केलं होतं.

चुकलो ते नळीत. कार्बोनेटर म्हणजे पाण्यात गॅस मिसळणारी टाकी; तिच्यापासून तोटीपर्यंतची स्टीलची नळी एका जागी कुजली होती. आपल्या ट्रेडमध्ये हाताला सवय तांब्याची. पाव इंची कॉपरचा तुकडा घेतला, फ्लेअर मारला म्हणजे जोडासाठी नळीचं तोंड पसरवलं, पितळी नट आवळले. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. रात्रभर मशीन भरून ठेवलं आणि सकाळी पहिला ग्लास मामांच्या हातात दिला. अर्ध्या तासात त्यांना उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत ते सावरले, पण बेसिन धरून वाकलेले मामा मला आजही दिसतात.

पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं. ते तांबं खातं. नळीत सोडा जितका वेळ थांबेल तितकं तांबं त्यात उतरतं, म्हणून रात्रभर थांबलेला पहिला ग्लास सगळ्यांत वाईट. तांब्याच्या हंड्यातलं साधं पाणी आपण पितो, पण आजीनं बिनकल्हईच्या भांड्यात ताक कधी ठेवू दिलं का? तेच हे. पितळेतही तांबंच असतं. बाजारात निकेल चढवलेलं पितळ स्टीलसारखं चकचकीत दिसतं. कानस मारून बघा, आतून पिवळं निघालं तर परत करा. सोड्याच्या वाटेवर स्टेनलेस स्टील नाहीतर खाण्यापिण्यासाठीची प्लास्टिक नळी, तिसरं काही नाही.

आणि कार्बोनेटरच्या मागची, पाणी आत येतं ती बाजूही बघा. पाणी गेलं किंवा पंप बंद पडला की आतला दाब सोड्याला उलटा ढकलतो. तिथला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) गळका असेल तर सोडा पाण्याच्या लाइनमध्ये शिरतो, आणि ती लाइन तांब्याची असली की पुन्हा तेच. जुन्या मशीनचा हा व्हॉल्व्ह चांगला दिसला तरी बदला. दोनशे-चारशे रुपये वाचवू नका, हात जोडून सांगतो.

मी ज्या मिस्त्रींकडे शिकायला जायचो त्यांनी ती नळी पाहिली होती. बोलले काहीच नाहीत. चूक दिसूनही गप्प बसणारा उस्ताद कितीही मोठा असो, त्याच्याकडे थांबू नका. मोबाइलवरच्या व्हिडिओंवरही भिस्त नको; त्यात गळती थांबलेली दिसते, दुसऱ्या दिवशीचा ग्लास दिसत नाही.

सोड्याला जोर नाही म्हणून नवीन पोरं गॅसचा दाब वाढवायला रेग्युलेटर पिळतात. आधी पाणी किती गार आहे ते मोजा. वातावरणाच्या दाबाला शून्य अंशावरच्या एक लिटर पाण्यात साधारण १.७ लिटर गॅस विरघळतो, २० अंशांवर जेमतेम ०.९. गॅसच्या सिलिंडरमध्ये २० अंशांलाच ५७ बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण ५७ पट दाब असतो, उन्हानं तो वाढतो, आणि आपला उन्हाळा चाळिशी गाठतो. म्हणून सिलिंडर सावलीत, उभा आणि साखळीनं बांधलेला हवा.

पहिल्या मशीनला वेळ लागतो, लागू द्या. मला चार महिने लागले. मामांचं मशीन आज मारुती चौकाजवळ चालू आहे. त्याची नळी पूर्ण स्टीलची आहे, आणि व्हॉल्व्ह बदलल्याची तारीख मी मागच्या पत्र्यावर रंगानं लिहून ठेवली आहे.