नरकातला एकटेपणा कसा वाचावा

साहित्यातल्या नरकावर टिपण काढायला बसलं की बहुतेकांची वही शिक्षांनी भरते: आग, बर्फ, उकळतं डांबर. त्या यादीतून एकटेपणाबद्दल फारसं हाती लागत नाही. नरकात माणसांची कमतरता नसते, उलट गर्दीच असते. त्या गर्दीत कोण कोणाशी बोलतं आणि कोणाचं कोणाला ऐकू जातं, ते पाहायचं.

सुरुवात इटालियन कवी दान्तेच्या ‘इन्फर्नो’पासून करा; या काव्यात दान्ते स्वतः नरकातून फिरतो आणि तिथल्यांशी बोलतो. सगळे 34 सर्ग पहिल्याच फेरीत नकोत. 5, 10, 26, 33 आणि 34 पुरेत. एकेक सर्ग साधारण 140 ओळींचा, त्यामुळे एका बैठकीत दोनदा वाचून होतो: आधी सलग, मग पेन्सिल घेऊन. अनुवाद मात्र तळटिपांचाच घ्या.

वहीत चार रकाने आखा: शेजारी कोण आहे, त्याच्याकडे पाहिलं जातं का, बोलणं कोणाला उद्देशून आहे, शेजाऱ्याचं नाव घेतलं जातं का. शेवटचा रकाना किरकोळ वाटतो, पण कामाला तोच जास्त येतो. पाचव्या सर्गात फ्रान्चेस्का आणि पाओलो हे प्रेमी वादळात कायमचे एकत्र आहेत. घाईत वाचणारा ‘इथे एकटेपणा नाही’ असं लिहून मोकळा होतो. पण बोलते ती एकटी, तो नुसता रडतो, आणि तिच्या तोंडून त्याचं नाव एकदाही निघत नाही. (नाव न घेण्याची आपली जुनी रीत आठवेल, ती इथे लावू नका.)

दहाव्या सर्गावर सर्वांत जास्त वेळ द्या. एकाच जळत्या कबरीत दोघे: फारिनाता ताठ, कमरेच्या वर पूर्ण दिसणारा, शेजारी कावाल्कान्ते गुडघ्यांवर, हनुवटीपर्यंत वर आलेला. कावाल्कान्ते आपल्या मुलाची, ग्विदोची, चौकशी करतो. दान्तेच्या तोंडचं भूतकाळी क्रियापद ऐकून मुलगा गेलाच असं समजतो आणि कोसळतो. फारिनाता मानसुद्धा वळवत नाही. तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू करतो. तळटीप नसेल तर हा नुसता ताठा वाटतो. टीप सांगते की ग्विदो हा फारिनाताचा जावई. म्हणजे हे व्याही आहेत, आणि एकाच्या जावयासाठी दुसरा फोडत असलेला टाहो हातभरावरही पोचत नाही.

तेहतिसाव्यात उगोलिनो आणि रुज्जेरी बर्फाच्या एकाच भोकात आहेत. उगोलिनो रुज्जेरीचं डोकं कुरतडतो; नातं उरलं आहे ते दातांपुरतं. थोडं पुढे पहिले अश्रूच डोळ्यांत गोठून पुढच्यांची वाट अडवतात. चौतिसाव्यातल्या सैतानाला तोंडं तीन, शब्द एकही नाही. खाली जाल तसं बोलणं आटत जातं, असा निष्कर्ष इथे मोहात पाडतो. पण सव्विसाव्यात ज्योतीत जळणाऱ्या युलिसिसचं, ग्रीक वीराचं, लांबलचक, देखणं भाषण आहे, म्हणून आलेख सरळ रेषेत काढू नका. त्याच ज्योतीत त्याचा साथीदार डायोमिडीसही आहे आणि तो गप्प आहे, हे मात्र नोंदवा.

मग फ्रेंच लेखक सार्त्रचं 1944 साली रंगभूमीवर आलेलं नाटक ‘नो एग्झिट’. नरकातल्या एका खोलीत तिघं जण, आरसा नाही, दिवा विझत नाही, पापणी मिटत नाही. इथे पाचवा रकाना लागतो: नजर टाळता येते का? ‘नरक म्हणजे इतर माणसं’ हे वाक्य निबंधाच्या डोक्यावर चिकटवणं ही नेहमीची चूक. त्याआधी दार खरोखर उघडतं आणि कोणीही बाहेर जात नाही. तिघांतल्या गार्सँला, आपण भित्रे नाही हे तिघांतल्याच इनेझला पटवल्याशिवाय, निघवत नाही. हे दार हिशेबात न घेता ते वाक्य उद्धृत केलं, की ते निव्वळ माणूसघाणेपणाचं वाटतं.

ताळा पाहायला महाभारताचं स्वर्गारोहणपर्व घ्या. नरकातल्या दुर्गंधीतून युधिष्ठिर मागे फिरतो, तोच आवाज येतात: थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरं वाटतं. तो ओळखत नाही, विचारतो. एकेक जण नाव सांगतो, आणि तो देवदूताला परत धाडून तिथेच थांबतो. नावाचा रकाना इथे पूर्ण भरतो. पुढे ही सगळी माया ठरते, तेव्हा हा दाखला बेताने वापरा.

लिहिताना रकाने जसेच्या तसे उतरवू नका; दोनच प्रसंग समोरासमोर ठेवा. व्याह्यांची कबर आणि कोणी न ओलांडलेलं दार ही जोडी 800 शब्दांना पुरते.