कमी पैशांत मोटारसायकलवर सामान कसं बांधावं

आधी वजनाचा हिशेब करा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त किती भार चालतो ते लिहिलेलं असतं आणि त्या आकड्यात चालवणाराही धरलेला असतो. समजा तो आकडा 130 किलो आहे. चालवणारा 70, मागे बसणारा 55, म्हणजे सामानाला उरले 5 किलो. दोघं जाणार असाल तर एकच छोटी सॅक न्या. तंबू, स्टोव्ह, पाण्याचा कॅन हे एकट्याच्या प्रवासाचं सामान.

बांधायला सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची वस्तू म्हणजे पंक्चरवाल्याकडची टाकाऊ ट्यूब. बहुतेक वेळा फुकट मिळते. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना आडवी कापा, व्हॉल्व्हचा तुकडा बाजूला काढा. उरलेली नळी उभी चिरून उलगडा आणि 4 सेंमी रुंदीच्या पट्ट्या काढा. 18 इंची चाकाच्या ट्यूबमधून दीड मीटरच्या आसपास लांबीच्या तीन-चार पट्ट्या निघतात. कात्री धारदार हवी आणि मध्ये न थांबता चालवायला हवी, कारण कडेला जिथे दात राहतो तिथूनच पट्टी ताणल्यावर फाटते. साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

पट्टीचं एक टोक सीटमागच्या ग्रॅब रेलला निरगाठीने बांधा. दुसरं टोक सामानावरून तिरपं न्या, पलीकडच्या मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला दोन वेढे द्या आणि सुरगाठ मारा. पट्टी मूळ लांबीच्या दीडपट ताणली की पुरे. दुसरी पट्टी उलट बाजूने, म्हणजे वर फुली तयार होते. एवढ्यावर थांबू नका. घाट उतरताना ब्रेक लागला की सामान पुढे सरकून चालवणाऱ्याच्या पाठीवर येतं, म्हणून तिसरी पट्टी सामानाच्या पुढच्या अंगाने आडवी घेऊन दोन्ही टोकं मागे रेलला बांधा. सुरगाठीचं मोकळं टोक लोंबत ठेवू नका, पट्टीखाली खोचा. चाकात किंवा साखळीत गेलं तर मागचं चाक जागेवर जाम होतं.

रबराचा एक दोष आहे. आठ-दहा किलोंच्या वर वजन गेलं की खड्ड्यात सामान रबरासकट उसळतं. तेव्हा खाली एक न ताणणारा, बकल असलेला नायलॉनचा पट्टा घ्या आणि वर रबराची फुली ठेवा. बाजारातल्या हुकवाल्या रंगीत इलॅस्टिक दोऱ्या मुख्य भारासाठी वापरू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. सामान थोडं दबलं की हुक सैल होऊन निसटतो, आणि बांधताना हातातून सुटला तर थेट डोळ्यावर येतो. वर रेनकोट अडकवायला त्या ठीक.

इंडिकेटरची दांडी, नंबर प्लेट, प्लास्टिकचा मडगार्ड यांना काहीही बांधू नका. टेललाइट आणि नंबर झाकला जाणार नाही एवढं पाहा.

सामान जास्त असेल तर दूधवाल्यांची पद्धत घ्या: वजन दोन्ही बाजूंना आणि खाली. हॉटेलवाल्याकडून खाद्यतेलाचे 15 लिटरचे दोन चौकोनी प्लास्टिकचे कॅन आणा, गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने तेलकटपणा काढा. वरचा भाग तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी राहू द्या. कॅन अडकवायची लोखंडी चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, पण ती गाडीला बोल्टनेच बसवा. चॅसीवर वेल्डिंग मारलं की तिथला धातू कमजोर होतो. कॅन चौकटीला 6 मिमीच्या बोल्टने लावताना आतून मोठा, रुंद वॉशर घाला. तो नसेल तर बोल्ट प्लास्टिक फाडून बाहेर येतो. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला घ्या, साधा नट थरथराटाने सुटतो. तळाला दोन बारीक भोकं पाडा, म्हणजे शिरलेलं पाणी साचणार नाही.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो. त्या बाजूचा कॅन किंवा बॅग सायलेन्सरपासून निदान चार बोटं लांब हवी आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा हवा. पत्रा बॅगेला चिकटवू नका, दोन्हींत हवा खेळायला हवी. दोन्ही बाजू ताणकाट्यावर तोलून घ्या. एखाद्या किलोचा फरक चालतो, तीन किलोंचा वळणावर जाणवतो. हत्यारं, पाणी, तांदूळ तळाशी आणि पुढच्या बाजूला. कपडे, पांघरूण वर. मागच्या चाकाच्या आसापलीकडे जड वस्तू गेली की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरायला लागतं.

भार चढल्यावर मागच्या चाकात हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलेल्या आकड्याइतकी भरा. शॉकअपला खाचा असतील तर टूलकिटमधल्या पान्याने दोन्ही बाजू सारख्याच, एक-दोन खाचा कडक करा. मागची बाजू दबल्याने हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो, तो खाली घ्या.

पावसाळ्यात बॅगेवर घातलेलं रेनकव्हर ताम्हिणीसारख्या घाटात फार टिकत नाही. चाकाचं पाणी खालून येतं आणि कव्हरमध्ये साठून राहतं. सामान आतूनच सुकं ठेवा: कचऱ्याच्या जाड पिशव्या एकात एक अशा दोन, आतली हवा दाबून काढायची, तोंड तीन वेळा गुंडाळून रबराने बांधायचं. कपड्यांची एक, झोपायच्या सामानाची वेगळी. ओली झालेली नायलॉनची दोरी सैल पडते, तेव्हा पावसात दर थांब्याला गाठी दाबून पाहा.

निघण्याआधी सामान दोन्ही हातांनी धरून हलवा. सामानाबरोबर गाडीही हलली तर बांधणी बरोबर. नुसतं सामान हललं तर सोडून पुन्हा बांधा. पहिल्या 10 किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे परत आवळा, कारण कपडे आणि पांघरूण तोवर दबलेले असतात.